गाडीचा काटा कोणाच्या हातात?

यंत्राने दिलेला आकडा खोटा कसा असेल, असं सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या ऊस उत्पादकाला विचारून पाहावं. तो एकतर हसेल, नाहीतर काटामारीचा सगळा इतिहास ऐकवेल. इथे गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाटे तपासायला भरारी पथकं निघतात, संघटना कारखान्याच्या गेटवर बसतात, आणि बाहेरच्या काट्यावर वजन करून आणू द्या ही मागणी दरवर्षी नव्याने होते. काट्यावर शंका घेणं इथे कुणी अडाणीपणा मानत नाही. आणि काटा निदान डोळ्यांना दिसतो. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, दिसतही नाही. तो कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो, आणि २०२५-२६ च्या एफआरपीत, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरात, सव्वादहा टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक दशांश टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे होते. वजन मोजलेलं असतं, उतारा हिशेबाने काढलेला असतो, आणि बिल या दोन्हींच्या गुणाकारावर निघतं.

याच घरातला पुण्यात नोकरी करणारा मुलगा इलेक्ट्रिक गाडी घेतो, तेव्हा मात्र मोबाइलच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा निमूट मान्य करतो. बॅटरी ६४ टक्के. रेंज २१७ किलोमीटर. बॅटरीचं आरोग्य, म्हणजे नवी असतानाच्या क्षमतेतली उरलेली क्षमता, ९६ टक्के. गाडी अमुक ठिकाणी उभी. यातलं काय मोजलेलं आहे, काय अंदाजाने काढलेलं आहे आणि काय कालचं आहे, हे विचारायचं त्याला सुचत नाही. विचारलं तरी सांगणार कोण, हाही प्रश्नच.

माझं म्हणणं असं आहे. हे आकडे सोयीपुरते होते तोवर त्यांचा कच्चेपणा चालून गेला. आता त्यांच्यावर भाडं, विमा, वॉरंटी आणि जुन्या गाडीची किंमत ठरू लागली आहे. ज्या आकड्यावर पैसा फिरतो त्याला वजन-मापांचा कायदा लागू व्हायला हवा. आणि तो होईपर्यंत तो आकडा मालकाच्या विरोधात पुरावा म्हणून चालता कामा नये.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. गाडीत एक छोटा संपर्क-संच असतो, त्यात सिम असतं. आपल्या मोबाइलचा नंबर १० आकडी, तर भारतात यंत्रांच्या सिमसाठी १३ आकडी नंबरांची वेगळी मालिका आहे. गाडी चालू असताना हा संच ठरावीक वेळाने माहितीचं एकेक पुडकं कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. गाडी बंद झाली की तोही झोपतो. त्याला झोपावंच लागतं, कारण तो चालतो बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. रात्रभर जागा राहिला तर सकाळी मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होणार नाही. म्हणजे आपण घरात बसून ॲप उघडतो तेव्हा बहुतेक वेळा गाडीशी बोलतच नसतो. सर्व्हरच्या वहीतली शेवटची नोंद वाचत असतो. ती दोन मिनिटांपूर्वीची असेल किंवा काल संध्याकाळची. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल, किंवा टॉवर न पोचणाऱ्या शिवारात, तर आणखी जुनी. ॲप मात्र ती ताजी असल्याच्या थाटात दाखवतं. नोंदीची वेळ छापलीच तर कोपऱ्यात, बारीक राखाडी अक्षरात.

टॉवेलच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांची गोष्ट आहे. ते पुण्याला निघाले. घरच्यांनी ॲपवर पाहिलं तर गाडी भिगवणच्या पुढे रस्त्याच्या कडेला, बॅटरी ३८ टक्के, आणि तासाभरानेही तिथेच. फोन लागेना. मग इंदापूरच्या पाहुण्यांना गाडी घेऊन शोधायला पाठवण्यापर्यंत गोष्ट गेली. गृहस्थ तोवर स्वारगेटजवळ जेवून, फोन चार्जिंगला लावून झोपले होते. माणूस पुण्यात पोचला, गाडी अजून भिगवणलाच. आता हे हसून सोडून देता येतं. पण हीच नोंद एखाद्या अपघाताच्या चौकशीत ‘गाडी त्या वेळी तिथे होती’ म्हणून पुढे आली तर?

शिळेपण हा त्यातला सोपा भाग. वेळ छापली की तो निम्मा सुटतो. खरी गुंतागुंत टक्केवारीत आहे. बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे थेट मोजता येत नाही. टाकीत जशी पट्टी बुडवून पाहता येते तसं बॅटरीत काही नाही. गाडीचा संगणक दोन वाटांनी अंदाज काढतो. आत किती प्रवाह गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी ही एक वाट, आणि सेलचा व्होल्टेज पाहून ताळा करणं ही दुसरी. आपल्याकडच्या अनेक परवडणाऱ्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. टिकाऊ, स्वस्त, उष्णतेला तुलनेने सोशिक; सोलापूरच्या ४३ अंशांत तीच हवी. पण तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, तीस टक्के आणि साठ टक्के यांत फारच थोडा फरक दिसतो. म्हणजे ताळ्याची वाट मध्येच बंद होते आणि बेरजेतल्या बारीक चुका साठत जातात. म्हणूनच अशा गाड्या अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरा असं सांगितलं जातं. वरच्या टोकाला व्होल्टेज चढतो आणि संगणकाला आपण नक्की कुठे आहोत ते कळतं. जो माणूस महिनोन् महिने तीस ते ऐंशीच्या दरम्यानच गाडी खेळवतो, त्याच्या पडद्यावरची टक्केवारी एखाद्या दिवशी अचानक खाली कोसळू शकते. बॅटरी बिघडलेली नसते, हिशेब सुटलेला असतो.

रेंज म्हणजे या अंदाजावर चढवलेला दुसरा अंदाज. गेल्या काही किलोमीटरांत गाडीने किती वीज खाल्ली ते पाहून पुढचं भाकीत. देवीला जाताना तुळजापूरचा घाट चढून झाला की रेंज रुसते, उतरताना ती वाढलेली दिसते. मेमधल्या दुपारी एसी पूर्ण लावून मोहोळपर्यंत गेलेल्या माणसाला एक आकडा दिसेल, डिसेंबरच्या पहाटे त्याच रस्त्यावर वेगळाच. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. पण लबाडीला जागा मात्र भरपूर आहे. रॉयटर्सने जुलै २०२३ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार टेस्लाने अनेक वर्षांपूर्वी आपल्या गाड्यांतली रेंजची आज्ञावली अशी लिहून घेतली होती, की बॅटरी भरलेली असताना आकडा गुलाबी दिसावा आणि निम्म्याखाली आल्यावर वास्तवाजवळ यावा. त्याच वर्षीच्या जानेवारीत दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने थंडीत रेंज किती घटते हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल त्याच कंपनीला दंड केला. आपल्याकडे टाटा मोटर्स प्रमाणित रेंजच्या जोडीला ‘सी-७५’ असा वेगळा आकडा देऊ लागली आहे, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्ष रस्त्यावर मिळेल अशी रेंज. तोही कंपनीचाच अंदाज. पण एकच ठाम आकडा फेकण्यापेक्षा अंदाजाला अंदाज म्हणणं बरं, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

चार्जिंगच्या युनिटांचंही असंच. घरचा मीटर ३४ युनिट दाखवतो आणि ॲप म्हणतं बॅटरीत ३० गेले. मालक आधी महावितरणवर चिडतो; स्मार्ट मीटरवरून आधीच वातावरण तापलेलं, त्यात ही भर. खरं तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. भिंतीतून निघालेली उलटसुलट वाहणारी (एसी) वीज बॅटरीसाठी एका दिशेने वाहणारी (डीसी) होताना दहा टक्क्यांच्या आसपास उष्णतेत जाते, शिवाय बॅटरी थंड ठेवायला काही खर्च होते. मोजणी दोन वेगळ्या जागी झाली. ॲपने फक्त एवढं सांगावं, की हा आकडा बॅटरीच्या दारातला आहे, भिंतीजवळचा नाही. एका ओळीचं काम आहे, तेही होत नाही.

आणि वेळेचा घोळ. सर्व्हर जगभरचे, त्यांची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. एखाद्या अहवालात हे रूपांतर राहून गेलं, तर पहाटे साडेचारला पुण्याला निघालेला माणूस आदल्या रात्री अकराला निघालेला दिसतो. इथपर्यंत गंमत आहे. पण भारतीय विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये ‘जेवढी चालवाल तेवढा हप्ता’ आणि ‘जशी चालवाल तसा हप्ता’ अशा योजनांना परवानगी दिली आहे. गाडी कशी चालवली हे ठरवताना रात्रीची फेरी, जोरात दाबलेला ब्रेक, वेग अशा गोष्टी पाहिल्या जातात. पहाटेचा माणूस रात्रीचा झाला की त्याच्या हप्त्यात फरक पडू शकतो, आणि का पडला ते त्याला कधी कळणारही नाही.

इथून हा प्रश्न एकट्या गाडीमालकाचा राहत नाही. एमजी कंपनीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी २०२४ मध्ये बाजारात आली ती बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेसह, किलोमीटरमागे साडेतीन रुपये. कल्पना चांगली आहे. गाडीची सुरुवातीची किंमत खाली येते आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात बसते. पण तिथे किलोमीटर हा आकडा उरत नाही, ते बिल होतं. केंद्राच्या २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत कंत्राटदाराला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरवर, म्हणजे तिथे करदात्याचा पैसा आला. बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या आठ वर्षांच्या आसपास देतात आणि तिचा निवाडा बॅटरीच्या ‘आरोग्याच्या’ टक्केवारीवर होतो. आरोग्य ७१ टक्के निघालं तर दावा बाद, ६९ निघालं तर लाखोंची नवी बॅटरी, अशा काठावरच्या भांडणात ही टक्केवारी काढतो कोण? ज्याला बॅटरी द्यावी लागणार आहे तोच. ऊसवाल्याला हे कारखान्याच्या आवारातल्या काट्यावरून लगेच कळेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ॲप ही केवळ सोय आहे, तिच्यावर एवढं विसंबू नका. अशा ॲपच्या अटी-शर्तींत अचूकतेची हमी नसतेच. ठीक आहे, मग ती सोयच राहू द्या. एका हाताने ‘माहिती अंदाजापुरती’ असं लिहून जबाबदारी झटकायची आणि दुसऱ्या हाताने तीच माहिती विमा कंपनीला, वॉरंटी विभागाला किंवा माहितीच्या दलालाला द्यायची, हे चालणार नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने लाखो चालकांच्या वेगाची, ब्रेकची, फेऱ्यांची माहिती दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोचू दिली. २०२४ मध्ये ते उघड झालं, आणि अनेकांना आपला हप्ता का वाढला हे तेव्हा समजलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला पाच वर्षं अशी माहिती ग्राहकांविषयीचे अहवाल विकणाऱ्या संस्थांना देण्यापासून रोखणारा आदेश प्रस्तावित केला. एक विरोधाभास तर फारच बोलका आहे. मालकाला स्वतःची गाडी कुठे आहे ते ॲपवर धड दिसत नाही. आणि २०२४ च्या डिसेंबरात जर्मनीत उघड झालं, की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर नीट कुलूप न लावता पडून होती, आणि त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक गाड्यांच्या जागा अगदी नेमक्या कळत होत्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेट्रोल गाडीचा काटा तरी कुठे खरा होता? ‘रिझर्व्ह’ लागल्यावर कुणाची गाडी दहा किलोमीटर जाते, कुणाची चाळीस. मान्य. पण तो काटा गाडीच्या आतच राहायचा. त्याचा आकडा कुणाच्या सर्व्हरवर जात नव्हता, त्यावरून कुणी वॉरंटी नाकारत नव्हतं. आणि जिथे पैसा मोजला जायचा, त्या पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे. पाच लिटरचं माप पंपावर ठेवावं लागतं, पाच लिटरला २५ मिलिलिटरहून जास्त फरक चालत नाही, आणि ग्राहकाने मागितलं तर ते माप भरून दाखवावं लागतं. रिक्षाच्या मीटरलाही शिक्का लागतो. २००९ चा वैधमापन कायदा व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या वजन-मापांची पडताळणी सक्तीची करतो. किलोमीटरवर बॅटरीचं भाडं घेणारी गाडी हे व्यवहारातलं मापच नव्हे काय? माझ्या मते त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियमांत नवा प्रकार जोडला तरी सुरुवात होते. जर्मनीत चार्जरवरच्या मोजणीला मापन कायदा लागतो, आणि बिलातला आकडा ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येईल अशी सोय द्यावी लागते.

बॅटरीचं आरोग्य तपासता येत नाही, हे म्हणणंही टिकणारं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमन मंचाने २०२२ मध्ये बॅटरीच्या टिकाऊपणाचा जागतिक तांत्रिक नियम, क्रमांक २२, स्वीकारला. त्यात दोन गोष्टी आहेत. प्रवासी गाडीच्या बॅटरीने पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के क्षमता राखावी. आणि दुसरी, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही: गाडीतल्या पडद्यावर जे आरोग्य दाखवलं जातं ते प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहावं, आणि दाखवलेला आकडा खऱ्याहून पाच टक्क्यांपेक्षा जास्त फुगलेला नसावा. म्हणजे बॅटरीबरोबर बॅटरीच्या आकड्याचीही परीक्षा. युरोपने हे तत्त्व आपल्या युरो-७ नियमांत घेतलं आहे. आपली एआरएआय ही वाहनांची चाचणी घेणारी संस्था पुण्यात, सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवर. गाड्यांना रेंजचं प्रमाणपत्र ती देतेच. रस्त्यावर तीन-चार वर्षं धावलेल्या एमएच-१३ पाटीच्या दहा-वीस गाड्या बोलावून, त्यांच्या पडद्यावरचा आकडा आणि चाचणीतला आकडा शेजारी-शेजारी छापायला तिला जड जाऊ नये.

कायद्याच्या पुस्तकात एक चांगलं कलम आधीच आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या आठव्या कलमात म्हटलं आहे, की ज्या माहितीच्या आधारे व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय घेतला जाण्याची शक्यता आहे, किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री माहिती बाळगणाऱ्याने करावी. गाडीला हे नीट लागू पडण्यासारखं आहे. अडचण पुढे आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात गेलं की कंपनी रंगीत आलेख घेऊन येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली संगणकीय नोंदीला प्रमाणपत्र लागतं, आणि कायदा पाहतो ते मुख्यतः हे, की संगणक त्या काळात नीट चालू होता आणि नोंद नंतर बदललेली नाही. संगणक नीटच चालू असतो. नोंदही बदललेली नसते. ती मुळात अंदाज होती, एवढंच कुणी विचारत नाही. अंदाज जसाच्या तसा, अगदी प्रामाणिकपणे जपून ठेवला तरी तो मोजमाप होत नाही. आलेखातला कोणता बिंदू मोजलेला, कोणता काढलेला, आणि दोन नोंदींच्या मध्ये संपर्क तुटला असताना रेघ सरळ कशी ओढली, हे वकिलांनी विचारायला शिकलं पाहिजे आणि आयोगाने विचारू दिलं पाहिजे.

मालकाला कच्ची नोंद मिळण्याचा हक्क हा याचा पाया आहे. युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि जोडलेल्या यंत्रांतून निघणारी माहिती वापरणाऱ्याला मागता येते. आपल्याकडे मालकाला मिळतात ते गोल तुकडे, पूर्णांकातली टक्केवारी आणि हिरवी-लाल चित्रं. चाळीस युनिटांच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे चारशे वॅट-अवर. गावातल्या दोन-तीन छोट्या फेऱ्या त्या गोल करण्यातच गडप होतात.

यातून कुणी इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये असा अर्थ काढेल, म्हणून सांगतो: मी तसं म्हणत नाही. बॅटरी, मोटर, चार्जर या गोष्टी चांगल्या झाल्या आहेत. सोलापूरसारख्या शहरात, जिथे रोजचं धावणं चाळीस-पन्नास किलोमीटरचं आहे आणि अनेकांच्या घरावर ऊन भरपूर आहे, तिथे ही गाडी शोभते. महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापरावर युनिटमागे सवलत सुरू केल्यावर तर दिवसा गाडी भरण्यात पैसेही वाचतात. तक्रार गाडीबद्दल नाही, तिच्या नावाने परस्पर बोलणाऱ्या सर्व्हरबद्दल आहे. शिवाय तो सर्व्हर गाडीइतका जगेल याचीही खात्री नाही. ब्रिटनमध्ये जुनं टू-जी जाळं गुंडाळलं जाणार म्हणून निस्सानने २०२४ मध्ये आपल्या जुन्या लीफ गाड्यांची ॲप-सेवा बंद केली. गाड्या रस्त्यावर धावतच होत्या.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर गाडी घेणाऱ्याने शोरूममध्येच काही गोष्टी विचाराव्यात. ॲपची सेवा किती वर्षं फुकट आणि नंतर किती रुपयांना? बॅटरीचं आरोग्य वॉरंटीसाठी कुठल्या चाचणीने ठरवणार, आणि त्या चाचणीच्या वेळी मला समोर उभं राहू देणार का? माझ्या गाडीची पूर्ण नोंद मी मागितली तर फाइल म्हणून मिळेल का? कोणाकोणाला ती आधीच मिळते? घरी महिन्यातून एकदा शंभर टक्के भरावं, त्या दिवशी भिंतीवरच्या मीटरचा आणि गाडीतल्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवावा. ॲपचा स्क्रीनशॉट घेतलाच तर त्यावर नोंदीची वेळ दिसते का ते पाहावं. आणि वरच्या प्रश्नांना विक्रेत्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही ईमेलवर लेखी मागावं.